डाव्या स्टिअरिंगची एमजी ‘बाटलेली’?

जुना_चोक: काल कुणीतरी ठोकून दिलं, ‘अस्सल ब्रिटिश रोडस्टर (उघडी दोन सीटची गाडी) उजव्या स्टिअरिंगचाच, अमेरिकेतून इंग्लंडात परत आणलेली डावी गाडी बाटलेली, आधी बदलून घ्या.’ अहो, १९५५ ते ६२ मध्ये एमजी या ब्रिटिश कंपनीच्या एमजीए रोडस्टर बनल्या १,०१,०८१, त्यातल्या ब्रिटनमध्ये खपल्या ५,८६९! युद्धानंतर गाड्या निर्यात करणाऱ्यालाच आधी पोलाद मिळायचं. त्यात १९४९ साली पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर घसरला, म्हणजे ब्रिटिश गाडी अमेरिकेत स्वस्त. ॲबिंग्डनच्या एमजी कारखान्यातून निघतानाच डावी असलेली गाडी बाटली कधी?

उजवा_हात: एमजीचीच आधीची टीसी विसरलात? १९४५-४९, झाडून सगळ्या उजव्या. दोनेक हजार अमेरिकेत गेल्या, त्याही उजव्याच. चालवल्याच ना लोकांनी?

जुना_चोक: डावी बनतच नव्हती, करतात काय! पुढच्या टीडी मॉडेलला रॅक-पिनियन (दातेरी पट्टी-चाकाचं स्टिअरिंग) आलं, डावं स्टिअरिंग मिळायला लागलं, आणि आकडा गेला २९,६६४ वर. टीसीच्या जवळपास तिप्पट.

वर्म_पेग: ‘बदलून घ्या’ म्हणे. एमजीएनंतरच्या एमजीबीलाच रॅक, कॉलम, पेडल बॉक्स, डॅशबोर्ड, ब्रेक-क्लचचे पाइप एवढं लागतं. हेडलाइट बदलायचे राहिले तर डिपचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत, एमओटी या ब्रिटिश वाहन तपासणीला नेली तर नापास. ट्रायम्फ टीआर३ चा डावा स्टिअरिंग बॉक्स तर उजवीकडे चालतच नाही, आतल्या वर्मचे (आटे पाडलेल्या दांड्याचे) आटे उलटे लागतात. वर जुना बॉक्स गळतो तो वेगळाच.

उजवा_हात: ग्रीस भरा, गळती बंद.

वर्म_पेग: याच सल्ल्याने बॉक्स मरतात! वर्मच्या आट्यात सरकणारी खुंटी, म्हणजे पेग, ग्रीस बाजूला सारतो, ते परत येत नाही, मग कोरडं घासतं. ईपी-९० गिअर तेलच घाला. गळतं ते बहुतेक खाली, हॉर्न-इंडिकेटरच्या वायरी बाहेर येतात त्या स्टेटर ट्यूबच्या नटापाशी. तिथली ऑलिव्ह (गळती रोखणारी धातूची कडी) बदला. आणि मधला ढिलेपणा स्क्रू आवळून पार घालवू नका. वर्म झिजतो मध्ये, कडेला नाही. मग फुल लॉकला, म्हणजे पूर्ण वळवल्यावर, स्टिअरिंग जाम होतं.

जुना_चोक: धागा ग्रीसचा नाही!

उजवा_हात: बरं बाबा, एमजीए ठेवा डावी. पण कारखान्यातून उजवी निघालेली कुणी डावी केली असेल तर?

जुना_चोक: तर बाटलेली, घ्या! उलटंही तेच. जॅग्वार एक्सके१२० ओपन टू-सीटरचा चेसिस नंबर ६६ ने सुरू म्हणजे उजवी, ६७ ने म्हणजे डावी. ६७ च्या नंबरावर उजवं स्टिअरिंग दिसलं आणि विकणारा ‘अस्सल’ म्हणाला, तर भाव निम्म्यापासून बोला. एमजी असेल तर इंग्लंडातल्या गेडनच्या मोटार संग्रहालयाचा हेरिटेज दाखला (गाडी कारखान्यातून कशी निघाली त्याचा) मागा.

उजवा_हात: म्हणजे मी म्हणत होतो तेच.

वर्म_पेग: ते नंतर. आधी बॉक्समधलं ग्रीस घासलेटने धुऊन काढा.