मे महिन्यात सोलर पॅनेल वीज कमी का देतं?

हापूसवाला_देवगड: गच्चीवर दक्षिणेला तोंड करून पॅनेल बसवलंय. आता कातळावर पाय ठरत नाही इतकं ऊन, तरी भर दुपारी वीज डिसेंबरपेक्षा कमी! धूळही पुसली.

निवृत्त_मास्तर_मालवण: अहो, पॅनेलला उजेड हवा, ताप नको. पॅनेलच्या सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला साधारण १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं माप) लागतात, तेही एकाच फोटॉनकडून, म्हणजे उजेडाच्या एकाच कणाकडून. ११०० नॅनोमीटरपलीकडच्या तरंगलांबीचे अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे फोटॉन कितीही ओता, फुकट. निळा फोटॉन २.७ चा, पण वरचे १.६ नुसती उष्णता होतात. पॅनेल तापलं की व्होल्टेज घसरतं. दर अंशाला वीज ०.३ ते ०.४ टक्के कमी. शिवाय मे महिन्यात सूर्य तुमच्या डोक्यावरून उत्तरेला सरकतो, तुमचं पॅनेल दक्षिणेला बघत बसलंय. पॅनेल थंड राहायला खालून वारा खेळतो का, ते आधी बघा.

गुहागरची_काकू: कोकम सरबत उन्हात फिकं पडतं, तेही यानेच का?

निवृत्त_मास्तर_मालवण: सुरुवात तीच. रंगाचे रेणू हिरवा उजेड शोषतात, म्हणून सरबत लाल. त्या उजेडाने उत्तेजित झालेला, म्हणजे वरच्या ऊर्जेला उडालेला इलेक्ट्रॉन बहुतेकदा गुपचूप खाली येतो. कधी मात्र रेणूच मोडतो, रंग गेला. बाटली फडताळात ठेवा, काकू.

हापूसवाला_देवगड: पॅनेल गच्चीला चिकटूनच आहे. उद्याच वर उचलतो.