येत नाही, पण आवडतं: तुमचे अनुभव सांगा

मंडळी, आपल्याकडे कुणी गाणं शिकतोय म्हटलं की पहिला प्रश्न, "परीक्षेला कधी बसणार?" चित्र काढलं की, "स्पर्धेला पाठव." सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथंच मराठी नाटक उभं केलं. अशा मुलखात नुसत्या हौसेलाही मान हवा, असं मला मनापासून वाटतं. सातारा-सांगलीकडच्या ज्यांनी मोठेपणी काहीतरी नव्यानं हातात घेतलंय, नीट जमत नाही तरी सोडवत नाही, त्यांनी जरूर लिहा.

मिरजेहून:
निवृत्त झाल्यावर तानपुरा घेतला, इथल्याच सतारमेकरांकडून. सूनबाईनं विचारलं, "बाबा, आता गाणार?" म्हटलं, नाही गं, नुसता छेडणार. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, शेवटची खर्जाची. सुरात लावायला मला अजून बराच वेळ लागतो. पण खरी गंमत जवारीची, म्हणजे तारेच्या खुल्या, गुंजणाऱ्या आवाजाची. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीवर तारेखाली दोरा असतो, तो केसभर मागंपुढं सरकवत राहायचं. तार बोदी वाजते, बोदी वाजते, आणि एका जागी अचानक आवाज खुलतो. मग खर्जातून गंधार ऐकू यायला लागतो, जो कुठल्याच तारेला लावलेला नसतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगावर काटा आला. ज्यांना गळा आहे ते इथून पुढं गायला लागतात. मी इथंच रमतो, आणि मला त्यात काही कमी वाटत नाही.

सांगली, गावभाग:
मला नातवानं बुद्धिबळ शिकवलं. बुद्धिबळपटू भाग्यश्री ठिपसे यांच्या गावात राहून साठीपर्यंत पट उघडला नव्हता. घोड्याची अडीच घरं बोटानं मोजते. "आजी, वजीर जातोय बघ!" असं तोच सांगतो. बहुतेक वेळा हरते, पण दुपारचं आवरलं की दोघांनाही पट मांडायची घाई असते.

सातारा:
यवतेश्वर घाटात पहाटे मॅरेथॉनवाले सरावाला असतात. मी त्याच रस्त्यानं थोडं पळते, थोडं चालते. घड्याळ घरी ठेवते.

सातारा, शाहूपुरी:
मी कासला वही घेऊन जातो. फुलं तोडायची नाहीत, वाट सोडायची नाही, त्यामुळं वाटेच्या कडेला जे दिसेल तेच काढायचं. मी काढलेली सीतेची आसवं, म्हणजे तिथली ती फुलं, कुणाला ओळखू येणार नाहीत. पण काढायला बसल्यामुळंच मला दवबिंदू नावाची वनस्पती दिसली. रुपयाएवढंसुद्धा नाही ते झाड. पानांवर तांबडे केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि एका थेंबात अडकलेलं चिलट. फोटो काढून पुढं गेलो असतो तर हे कुठलं दिसायला! कास २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं, गर्दी वाढली, पण कडेला बसणाऱ्याला कुणी हटकत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा.

इस्लामपूरहून:
मिरजेचे काका, आईचा जुना तानपुरा माळ्यावर आहे. तुमचं वाचून काढावासा वाटतोय. दोरा कुठला लागतो?

मिरजेहून:
साधा सुती चालतो. पण आधी भोपळ्याला कुठं तडा गेलाय का बघा, खुंट्या एकदम पिळू नका. घेऊन या मिरजेला, कारागिराला दाखवू.