भाजलेल्या मातीचं परिवर्तन होतं की रूपांतर?

पत्रकवाली: काळा घोड्याच्या एका प्रदर्शनाचं पत्रक मराठीत करतेय. सिरॅमिक शिल्पं आहेत, विषय ‘ट्रान्सफॉर्मेशन’. मी ‘परिवर्तन’ लिहिलं, तर शिल्पकार बाई म्हणाल्या, ही निवडणुकीची सभा वाटते. ‘रूपांतर’ म्हटलं की नाटकाची जाहिरात. सुचवा काहीतरी, शुक्रवारी छपाईला जातंय.

दादरचा_पेन्शनर: परिवर्तनात ‘वृत्’ धातू आहे, म्हणजे फिरणं. भाजलेली माती मागे फिरते का? ‘स्थित्यंतर’ लिहा.

भट्टीवाली: काका, अर्धंच बरोबर. वाळलेलं कच्चं भांडं पाण्यात टाकलं की चिखल होतो. ५०० ते ६०० अंशांच्या आसपास मातीच्या घडणीतच बांधलेलं पाणी निघून जातं. मग कितीही भिजवा, विरघळत नाही. हे तुमचं स्थित्यंतर. पण त्याच टप्प्यात, ५७३ अंशांना, मातीतलं क्वार्ट्झ रूप बदलून जरा फुगतं, आणि गार होताना ५७३लाच पुन्हा पूर्वीसारखं होतं. भट्टी घाईने गार केली की तडा जातो तो इथे. म्हणजे ‘वृत्’सुद्धा आहेच की! शिवाय भाजलेली माती दळून ग्रॉग म्हणून कच्च्या मातीत घालतोच आम्ही.

दादरचा_पेन्शनर: ग्रॉग कशाला? ‘खापरीचा चुरा’ म्हणा. ग्लेझला झिलई.

भट्टीवाली: झिलई म्हणतेच. पण फायरिंगला ‘भाजणी’ म्हटलं तर स्टुडिओतली पोरं थालीपीठ मागतात.

सायन_धारावी: धारावीच्या कुंभारवाड्यात भट्टीला ‘निभाडो’ म्हणताना ऐकलंय. तिथले बरेच कुंभार मूळचे सौराष्ट्रातले. ‘निभावणं’वरूनच असणार, आगीत जो निभावला तो घडा.

दादरचा_पेन्शनर: ही व्युत्पत्ती घरगुती दिसते. मराठीत ‘आवा’ आहे, संस्कृत ‘आपाक’वरून.

तर्कट: आपाकात ‘पच्’ धातू आला, म्हणजे शिजणं! मग शब्द तयारच आहे: पाक. काळा घट भाजून तांबडा कसा होतो, यावर आपल्याकडच्या दोन दर्शनांत, वैशेषिक आणि न्याय यांत, जुना वाद आहे. वैशेषिक म्हणतात, घट परमाणूंपर्यंत सुटतो, रंग परमाणूंचा बदलतो, मग घट पुन्हा जुळतो: पीलुपाक. नैयायिक म्हणतात, अख्खा घटच बदलतो: पिठरपाक. पत्रकात ‘पाक’ लिहा.

पत्रकवाली: ‘मातीचा पाक’? आणि गॅलरीत लोक वाट्या घेऊन येतील?

भट्टीवाली: मला आवडला. भट्टी उघडेपर्यंत आत काय झालंय कळत नाही, पाकाचंही तसंच.

सायन_धारावी: पाकाचं कळतं हो. रव्याच्या लाडवाला एकतारी झाला की उतरवायचा.

दादरचा_पेन्शनर: एकतारीने लाडू वळतच नाहीत, दोनतारी हवा.

भट्टीवाली: दोनतारीचे लाडू हातोडीने फोडावे लागतात, काका.

पत्रकवाली: अहो, माझं पत्रक?

तर्कट: नारळ घातला असेल तर एकतारी. नुसता रवा असेल तर काका बरोबर.