बेंगळुरूची खुर्ची बेळगावात का नको?

सरकारी आयटी तज्ज्ञांना बेंगळुरूला न बसवता दूरून काम करू द्यावं का, यावर इथे चर्चा चाललीय. ‘घरून काम दिलं की सरकारी माणूस झोपा काढणार,’ असं त्यात एकाने लिहिलंय. टेबलाशी बसून झोपणारे काय कमी आहेत? उलट सर्व्हर, डेटाबेस, सायबर सुरक्षा बघणाऱ्याचं काम मोजणं सोपं. तक्रार किती वेळात निकाली निघाली, कुणी काय बदललं, याची नोंद यंत्रणेतच राहते.

आपल्याकडचंच बघा. खानापूर-निपाणीच्या शेतकऱ्याचा उतारा ‘भूमी’ या कर्नाटकच्या जमीन नोंदींच्या संगणक प्रणालीतून निघतो, पण तिचा देखरेख कक्ष पाचशे किलोमीटरवर बेंगळुरूत. व्हीटीयू म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय १९९८पासून बेळगावात आहे. इथली पोरं इंजिनियर होतात आणि बेंगळुरू नाहीतर पुण्याची गाडी धरतात. तिथल्या भाड्यात सरकारी कंत्राटी पगार कसा पुरणार?

कल्पना नवीही नाही. केंद्राच्या कार्मिक विभागाने मे २०२०मध्ये मसुदा फिरवला होता: वर्षाला १५ दिवस घरून काम, व्हीपीएन (सुरक्षित जोडणी) सरकारच्याच एनआयसी या संगणक संस्थेचं, गोपनीय फाइल घरून उघडायची नाही. शेवटची अट योग्यच. पण तज्ज्ञांसाठी १५ दिवस म्हणजे तोंडाला पानं पुसणं.

माझं मत, घरच कशाला हवं? बेळगावातलं सुवर्ण विधान सौध, म्हणजे विधिमंडळाची इमारत, २०१२पासून उभं आहे, हिवाळी अधिवेशन संपलं की बरीचशी दालनं ओस. तिथे टेबलं, सुरक्षित जोडणी आणि वीज द्या. हार्डवेअर हाताळणारे मात्र डेटा सेंटरलाच लागतील, त्यांना यात धरू नये.