मदत हवी आहे : कमळाची उभी पानं कधी येतात?

नमस्कार मंडळी. बियांपासून लावलेलं कमळ गच्चीतल्या टबात वाढतंय. पानं भरपूर आहेत, पण सगळी पाण्यावर तरंगणारी; पाण्याबाहेर ताठ उभं राहणारं एकही नाही. कमळाला आधी तरंगती आणि मग उभी पानं येतात आणि कळी उभ्या पानाशेजारी, त्याच पेरातून निघते, एवढं माहीत आहे. म्हणून काळजी वाटते.

हा बदल नक्की कशावर ठरतो? चिखलातल्या खोडाच्या जाडीवर, उन्हावर, की पाण्याच्या खोलीवर? टबात दुपारपर्यंतच ऊन येतं.

दुसरं, अकरावीच्या मुलांना दोन्ही पानांच्या देठांचे आडवे छेद दाखवायचे आहेत. तरंगत्या पानाचा देठ लुळा, उभ्याचा कडक आणि काटेरी. हवेच्या नळ्या मात्र दोन्हींत असतात. फरक डोळ्यांनी दिसला तर मुलांना कायमचा कळेल. पण ब्लेडने कापताना नळ्या चेपतात. छेद नीट कसा घ्यावा? छेद रंगवायला सॅफ्रॅनिन (सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी वापरतात तो लाल रंग) पुरेल का? आणि कमळाची पर्णरंध्रं (हवेची ये-जा होणारी सूक्ष्म छिद्रं) पानाच्या वरच्या बाजूला असतात. ती पाहण्यासाठी त्या मेणचट पृष्ठभागाचा ठसा नेलपॉलिशच्या थरावर उमटतो का? कुणी करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.