काकांची श्रद्धांजली सभा : मानवंदना, ध्वज आणि मजकूर

प्रेषक : सचिव, कार्यकारिणी

नमस्कार मंडळी,
सभेसाठी हॉल रविवारी दुपारी २ ते ५ मिळाला आहे. काका अमेरिकी सैन्यात होते, तेव्हा लष्करी मानवंदना व्हावी अशी काकूंची इच्छा आहे. कुणाला पद्धत माहीत असल्यास कळवा. पडद्यावरच्या मजकुराचा मसुदा सोबत आहे.

उत्तर १

आधी घरात डीडी-२१४ शोधायला सांगा. सैन्यातून मुक्त होताना मिळणारा हा कागद नसेल तर पुढचं काहीच हलत नाही. मोठी प्रत हवी. छोट्या प्रतीवर सेवामुक्ती कोणत्या प्रकारची होती ते नसतं, म्हणून ती परत येते. सापडलाच नाही तर सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सेंट लुईसच्या अभिलेखागाराकडे अर्ज करा आणि 'अंत्यविधीसाठी' असं ठळक लिहा. ते अर्ज आधी बघतात.

मानवंदनेची मागणी फ्युनरल होममार्फत (अंत्यविधीची व्यवस्था बघणारी संस्था) करा, आजच. किमान दोन सैनिक येतात, त्यातला एक तरी काकांच्याच दलाचा असतो. अमेरिकी ध्वजाची घडी, तो काकूंच्या हाती देणं आणि बिगुलावरची 'टॅप्स', एवढंच असतं. धून २४ सुरांची. बिगुल वाजवणारे कमी, त्यामुळे बहुधा बिगुलाच्या भोंग्यात बसवलेलं यंत्र वाजतं आणि सैनिक तो नुसता ओठांना लावून उभा राहतो. हे लक्षात आलं तरी कुजबुज नको, आणि शेवटी टाळ्या तर नकोतच.

ध्वज ५ बाय साडेनऊ फूट असतो. दोघं तो कमरेच्या उंचीवर ताणून धरतात, लांबीत दोनदा दुमडतात, मग पट्ट्यांच्या टोकाकडून त्रिकोणी घड्या घालत निळ्या भागापर्यंत येतात. एकूण घड्या १३. शेवटी लाल रंग कुठेही दिसता कामा नये. यासाठी मंचासमोर १५ फूट तरी मोकळे लागतात. समई आणि फोटोचं टेबल मधोमध ठेवलं की नेमकं तेच आडवं येतं. ध्वजावर हार, फुलं, हळदकुंकू काही वाहू नका, निरांजनही लांब ठेवा. सरकारकडून एकच ध्वज मिळतो, खराब झाला किंवा हरवला तर दुसरा देत नाहीत.

उत्तर २

मसुद्यात 'निवृत्त सैनिक' आहे, ते काढा. काका दोनच वर्षं सैन्यात होते. निवृत्त म्हणजे साधारण २० वर्षं सेवा करून पेन्शन घेणारे. 'माजी सैनिक' लिहा. हुद्दा, तारखा आणि पदकं डीडी-२१४ वरूनच उतरवा. काकांचं दुकान कधी सुरू झालं यावर तीन जणांनी तीन सालं सांगितली आहेत. राज्याच्या व्यवसाय-नोंदणीच्या वेबसाइटवर नोंदणीची तारीख दिसते, तीच घ्या.

'थोर उद्योजक', 'निःस्वार्थ समाजसेवक' यांत काका कुठेच दिसत नाहीत. त्यापेक्षा मंडळाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला त्यांच्या हातचा कागद पडद्यावर दाखवा : 'शंभर पानं, मसालेभात, तांदूळ ८ किलो. मीठ मी येईपर्यंत घालू नये.' तेलाच्या डागासकट.

उत्तर ३

अस्थी नाशिकला न्यायच्या आहेत असं कळलं. कलश धातूचा नको. एक्स-रेमध्ये आतलं दिसत नाही, तपासनीस तो उघडत नाहीत आणि विमानात नेऊ देत नाहीत. लाकडी किंवा प्लॅस्टिकचा घ्या. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि भारतीय वकिलातीचं पत्र हातातल्या बॅगेत ठेवा. रामकुंडात विसर्जन केलं तरी अमेरिकेतल्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांच्या नावाची स्मृतिशिला बसवता येते, त्यावर ॐ मागता येतो. काकूंना हे माहीत नसेल, कुणीतरी सांगा.

प्रेषक : सचिव

डीडी-२१४ बँकेच्या लॉकरमध्ये सापडला, मोठी प्रत आहे. फ्युनरल होमला पाठवला. समई डावीकडच्या खिडकीपाशी हलवतो. कपाटावरच्या कागदाचा फोटो उद्या काढतो, कागद मात्र तिथेच राहू दे.