सल्ला हवाय: जुन्या व्हॅनमध्ये फिरता रेकॉर्डिंग स्टुडिओ, कोणती गाडी घ्यावी?

पाटणकर_धाकटे
मंडळी, पाटण-कोयनानगर भागात गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आहेत. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ज्यांनी पाहिला, किंवा १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटून जे गावाकडे आले, अशा लोकांच्या. घरात करून बघितलं. कोंबडा, मिक्सर, टीव्हीवरची मालिका आणि शेजारणीचं "कोण आलंय गं?" सगळं त्यात येतं. म्हणून जुनी व्हॅन घेऊन मागे दोघांना बसून बोलता येईल एवढी शांत जागा करायची आहे. डोळ्यासमोर मारुतीची ओम्नी आहे. माइक, रेकॉर्डर आहेत. बजेट गाडीसकट दोन लाख, वर एक रुपया नाही.

बोका_सातारकर
ओम्नीच्या नादी लागू नका. अजून चारेक लाख टाका आणि ट्रॅव्हलर घ्या, ती फोर्सची मिनीबस. आत उभं राहता येतं. आमच्या मेव्हण्यांनी घेतलीय, आत फ्रीजसुद्धा बसवलाय. पंढरपूरला गेलो होतो, सगळे गाडीभोवती गोळा.

पाटणकर_धाकटे
बोकाजी, बजेट दोन लाख आहे हो.

बोका_सातारकर
कर्ज मिळतं की.

अण्णा_उद्यमनगर
ओम्नी चांगली. ७९६ सीसी, इंजिन पुढच्या सीटखाली, कुठलाबी मेस्त्री डोळे झाकून खोलतो. २०१९ ला बंद झाली, तरी पार्ट मिळतात. आठ सीटवाली बघा, तिची मधली सीट उलट्या तोंडाची असते. दोघं समोरासमोर बसतील, वेगळं काही करायला नको. घेताना मॅट उचला आणि फ्लोअरचा पत्रा स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. सरकत्या दाराचा रूळ आणि मागच्या चाकांवरचा पत्रा तर नक्कीच. पाटणच्या पावसात राहिलेली गाडी फुकट दिली तरी घेऊ नका. सोलापूर, जत तिकडची आणा.

शेपूची_भाजी
उत्साहावर पाणी टाकतेय, पण वाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालणार नाही. आरसीवर आसनसंख्या लिहिलेली असते. सीट काढून पार्टिशन वेल्ड केलंत तर पुढच्या पासिंगला अडकाल. शिवाय खासगी गाडीला १५ वर्षं झाली की फेरनोंदणी, ती पाच वर्षांची, आणि वर पर्यावरण कर. आमच्या सोसायटीतल्या एकाने छताला खिडकी पाडून घेतली होती. गाडी अजून पार्किंगमध्ये उभी आहे, माझ्या जागेत!

चहाटळ
ताई, पार्किंगसाठी वेगळा धागा काढा. :) बाकी ओम्नी गॅसवर घ्या, पेट्रोल परवडणार नाही.

अण्णा_उद्यमनगर
गॅसवर चढाला दम टाकते. कोयनानगरला जायचंय त्यांना, सारसबागेला नाही.

चहाटळ
माझी वरंधा घाट चढते, फुल्ल लोड.

अण्णा_उद्यमनगर
उतरताना असेल.

टेक्सासकर
आमच्याकडे अमेरिकेत स्टोरीकॉर्प्स नावाची संस्था आहे, ते हेच करतात. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात त्यांनी छोटी खोली उभारली आणि २००५ पासून चकचकीत एअरस्ट्रीम ट्रेलर घेऊन देशभर फिरायला लागले. त्यांची पद्धत घेण्यासारखी आहे: मुलाखत घेणारा परका नसतो. आजीला नात प्रश्न विचारते, चाळीस मिनिटं, आणि स्टुडिओचा माणूस फक्त यंत्र सांभाळतो. तुम्हीही ट्रेलरच का नाही घेत?

ध्वनिवेडा
ट्रेलर, फ्रीज बाजूला ठेवा. फोम चिकटवल्याने बाहेरचा आवाज थांबत नाही, आतला घुमारा तेवढा कमी होतो. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. दाराच्या पत्र्यावर टिचकी मारा. टण्ण वाजला तर आतून ब्युटाइल रबराची डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी) लावा, टप्प् वाजेपर्यंत. दारांची रबरं नवी टाका. मग छताला आणि तिन्ही बाजूंना जाड वाकळा टांगा, पत्र्यापासून चार बोटं सोडून. हुकावरच्या वाकळांना आरटीओ काय म्हणणार? कंडेन्सर माइक घरी ठेवा, तो दोन शेतं पलीकडचा ट्रॅक्टर ऐकतो. साधा डायनॅमिक माइक तोंडापासून वितीच्या आत धरा. इंजिन बंद, पंखा बंद, रेकॉर्डर स्वतःच्या बॅटरीवर, इन्व्हर्टर लावलात तर गुणगुण येईल. म्हणजे मार्च ते मे सकाळी नऊच्या आतच काम. उन्हात बंद ओम्नीत ऐंशी वर्षांच्या माणसाला बसवू नका, स्टुडिओ राहील बाजूला.

मुक्ता_जोगळेकर
मला मुळात गाडीच पटत नाही. गी पॉइत्व्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या गटाने जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या बायकांच्या घरी जाऊन. 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐका. जात्याला हात लागला की ओवी आठवते. डब्यात बसवून माइक पुढे केलात तर म्हातारी "मला काय येतंय बाई" म्हणून गप्प होईल. कोंबडा आला तर येऊ दे, त्याचंही घर आहे ते.

चहाटळ
+१ कोंबड्याला.

गुडघेदुखी_क्लब
कुणी विचारलंच नाही म्हणून. ट्रॅव्हलरची पायरी आमच्या आईला चढवत नाही. ओम्नीत निदान दारातच टेकून पाय आत घेता येतात. एक लाकडी पाट सोबत ठेवा.

निवांत७०
आधीची उत्तरं वाचली नाहीत, पण माझं मत, ट्रॅव्हलर घ्या. आत उभं राहता येतं.

पाटणकर_धाकटे
सर्वांचे आभार. गाडी घेतली. चुलत्यांची २००८ ची ओम्नी, पाच सीटवाली, फेरनोंदणी झालेली, पंचेचाळीस हजारांत. अण्णा, रागावू नका, गाडी पाटणच्याच पावसात वाढलीय आणि मागच्या डाव्या चाकावर पत्रा गेलाय. पण तिच्या सगळ्या खोडी घरात माहीत आहेत. सीट काढणार नाही. समोरासमोर नाही बसता आलं तर मागच्या सीटवर शेजारी-शेजारी बसून बोलतील, पारावर बसतात तसे. मुक्ताताई, ओव्यांसाठी घरीच जाईन. पण गिरणीवाले एक आजोबा म्हणाले, "घरात सुनेसमोर संपाचं बोलायला नको." त्यांच्यासाठी गाडी लागणारच. वाकळा आईकडून घेतल्यात, शीट ऑर्डर केलीय.

शेपूची_भाजी
पर्यावरण कर भरलाय का ते बघा आधी. आणि ट्रान्सफर लगेच करून घ्या, चुलते असले तरी.

अण्णा_उद्यमनगर
पत्र्याचा फोटो टाका. नुसतं पुट्टी मारून घेऊ नका, तुकडा कापून नवीन बसवा. आणि शीट लावायच्या आधी वेल्डिंग, नाहीतर पेटंल.

बोका_सातारकर
दोन लाखांतले दीड उरले की! ट्रॅव्हलरचं डाउन पेमेंट झालं असतं.